पापकुंडाची ज्योत

खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी माणसं शिरतच होती. फळांच्या कारखान्यात कामाची पाळी संपलेल्या बाया डोक्यावरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या न काढताच आल्या होत्या. ज्यांना दारातून घुसता आलं नाही, ते खिडकीच्या गजांना लोंबकळत होते. सगळ्यांचे डोळे एकाच जागी खिळलेले. ओट्यावर एक काळा दगड, दगडाला एक खाच आणि त्या खाचेतून वर आलेली वीतभर ज्योत. तेल नाही, वात नाही, लाकूड नाही, धूर नाही. ज्योत आपली मजेत जळत होती, आणि तिच्या मागे गादीवर मांडी घालून बसलेले बाबा डोळे मिटून असे हसत होते, जणू तिचं बिल त्यांच्याच नावावर येतं.

"तुमच्या घरात काय कुजतं?" बाबांनी विचारलं, आणि नेहमीप्रमाणे उत्तरही आपणच दिलं. "साल कुजतं. देठ कुजतो. कालचं अन्न कुजतं. का कुजतं? तुमचं पाप त्यात उतरतं म्हणून कुजतं. आणा ते इथे. कुंडात टाका. तुमचं पाप मी जाळतो. तुम्ही फक्त आणत राहा."

आणि लोक आणत होते की! बादलीभर कचऱ्यावरून शेजारणीशी हातघाईवर येणाऱ्या बाया आता तोच कचरा झाकून, सांभाळून, पुढे कोण आणि मागे कोण यावरून भांडत कुंडापाशी नेत होत्या. खोलीच्या बाहेर भिंतीला लागून एक गोल हौद होता, त्यालाच आता पापकुंड म्हणायचं. कारखान्याचा मुकादमसुद्धा अननसाच्या सालांची रोज एक हातगाडी तिथे रिकामी करायला लावत होता. पाप म्हटल्यावर कारखाना तरी कसा मागे राहील?

मास्तरीण मागच्या भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. वसाहतीच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, आणि तिचा स्वभाव असा की कुणी 'डोळे मिटा' म्हटलं की ती आधी डोळे उघडायची. शेजारी तिची थोरली बहीण उभी होती. तिला सगळी वसाहत ताईच म्हणायची, कारण कामावर जाणाऱ्या बायांची पोरं दिवसभर तिच्याच पाळणाघरात असायची. पाळणाघराचं काम म्हणून मिळालेल्या एका खोलीत ताई आणि भावजींचा संसार होता.

"अगं, हा शेणाचा गॅस असेल," मास्तरीण ताईच्या कानात म्हणाली. "इथे तबेला होता ना?"

मुकादमाचे कान तिखट. तो वळून म्हणाला, "मास्तरीणबाई, आम्हांला काय खुळं समजलात? या खोलीखाली गॅसची टाकी आहे आणि बाहेरच्या त्या हौदातून तिच्यात शेण ओतायचे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या गॅसवर पाणी तापवून दुधाचे कॅन धुतलेत मी, या हातांनी. पण गुरं विकून किती वर्षं झाली? शेणाचा पो दिसतो का कुठे? गाय नाही, शेण नाही, मग गॅस कुठला? म्हणूनच तर चमत्कार म्हणायचं."

आजूबाजूच्या माना डोलल्या. मास्तरणीने तो प्रश्न मनात टिपून ठेवला.

तेवढ्यात बाबांनी डोळे उघडले. पाळणाघरातल्या पोरांना जुलाब-उलट्यांनी धरलं होतं. मुकादमाचा नातूही त्यांच्यातलाच. पोरगं चोखलेल्या आंब्यासारखं झालं होतं. मुकादमाने हात जोडून त्याचं कारण विचारलं.

"पोरांच्या दुधाला कोणाचा हात लागतो?" बाबा म्हणाले. "तिला पुढे येऊ दे."

ताई पुढे गेली. बाबा पुढे झुकले, त्यांनी तिच्या डोळ्यांत रोखून बघितलं, आणि ज्योत बसली. वीतभर होती ती बघता बघता मण्याएवढी झाली. खोलीत कुणी श्वास घेईना. मग त्यांनी एका म्हातारीला बोलावलं. ज्योत पुन्हा वर. ताईला परत उभं केलं; ज्योत पुन्हा खाली.

"मी काही बोलत नाही," बाबा म्हणाले. "ज्योत बोलली."

पुढचं मुकादम बोलला. ताईने पोरांना हात लावायचा नाही. महिनाअखेरच्या सभेत ज्योतीसमोर उभं राहून, आपण काय केलं ते कबूल करायचं. नाही केलं तर खोली रिकामी करायची.

घरी आल्यावर ताई मोरीवर जाऊन हात धुवत बसली. धुवून झाले तरी धुतच होती. भावजी दारात उभे राहून म्हणाले, "दोन शब्द बोलून टाक ना. चुकले म्हणायचं, मोकळं व्हायचं. आपलं काय जातं?"

"भावजी, काय जातं ते मी सांगते," मास्तरीण म्हणाली. "हिने काय केलं, याचं उत्तर तुम्ही तयार ठेवा. विष घातलं म्हणणार की करणी केली म्हणणार? आणि पुढे वसाहतीत कुणाचं पोर शिंकलं तरी बोट हिच्याकडेच."

"मग काय भांडायचं सगळ्या वसाहतीशी? पाण्यात राहून माशाशी वैर?"

"हा मासा नाही, भावजी. बगळा आहे."

भावजी पाठ फिरवून अंगणात गेले. ताई मात्र मोरीवरून उठली, हात पदराला पुसत आली, आणि धाकट्या बहिणीच्या तोंडाकडे बघत हळूच म्हणाली, "खरंच माझ्या हातात काही असेल तर गं? जी जी पोरं आजारी पडली, त्या सगळ्यांना मीच भरवलं होतं."

मास्तरणीला त्या वाक्याचा जेवढा राग आला तेवढा बाबाच्या सगळ्या प्रवचनांचा आला नव्हता. आई गेल्यावर याच हातांनी तिची वेणी घातली होती, याच हातांनी तिला पुस्तकं घेऊन दिली होती. एक भोंदू गादीवर बसून पुढे काय झुकतो, आणि त्या बाईला आपल्याच हातांची भीती वाटायला लागते! तिला रडू आलं, पण रडण्यापेक्षा संताप बरा, असं तिचं मत होतं. तिने तो धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती पापकुंडाशी गेली आणि बाबांकडे अगदी खाली मान घालून कुंडातला थोडा रबडा मागितला. बाबा खूश. "घ्या, घ्या. मास्तरीण वळली," त्यांनी जमलेल्यांना सांगितलं. "विज्ञान थकलं की इथेच येतं." मास्तरणीने एक मगभर रबडा घेतला, आणि येताना भिंतीला वळसा घालून टाकीचं दुसरं टोक बघून आली. तिथून पातळ काळं पाणी उतू जात होतं आणि उतरत उतरत पाळणाघराच्या नळाच्या खड्ड्यात मुरत होतं. नळाचा पाइप खड्ड्याच्या तळाशी, जोडाला चिंधी बांधलेला. तिने तिथूनच मुकादमाला गाठून ते दाखवलं.

"कुंडाचं पाणी आहे ते," मुकादम म्हणाला. "त्याने पाप धुतलं जातं. त्याने कोणी आजारी पडतं का?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. मास्तरणीने घरी येऊन ताईला ते सगळं सांगितलं. त्या दिवसापासून ताई शेजारणींच्या पाया पडून सांगायला लागली, की मला हात लावू देऊ नका, पण पोरांना पाणी तेवढं उकळून द्या. काहींनी ऐकलं. काहींनी दार लावून घेतलं.

ताईच्या खोलीत एका कोपऱ्यात आता नवा उद्योग मांडला गेला. तेलाचा रिकामा कॅन, त्यात बारीक चिरलेली फळांची सालं, भाजीचे देठ, भाकरीचे शिळे तुकडे, वर पाणी आणि कुंडातला तो मगभर रबडा. शेण चिमूटभरही नाही. झाकणातून एक नळी काढून ती सायकलच्या जुन्या ट्यूबला जोडली, आणि हवा आत जाऊ नये म्हणून सगळीकडे मेण लावलं. खोलीला असा काही वास सुटला की भावजी अंगणात झोपायला गेले.

"पाप घरी आणलंस," ताई नाक धरून म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती थट्टा करत होती, म्हणून मास्तरणीने ती सुखाने ऐकून घेतली.

ट्यूब फुगली. मास्तरणीने नळीचा चिमटा सैल केला, काडी धरली. काडी विझली. दुसरी धरली, तीही विझली. भावजी खिडकीतून बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "काड्या आणू का अजून?" मास्तरणीचं तोंड एवढंसं झालं. रात्रभर ती पुस्तकं चाळत बसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की सुरुवातीला निघतो तो वायू विझवणाराच असतो. जाळणारा मागून येतो. घाई तिचीच झाली होती. तिने ट्यूब रिकामी केली, पुन्हा जोडली आणि कॅन उन्हात ठेवला.

पुन्हा ट्यूब फुगली तेव्हा तिने काडी ताईच्याच हातात दिली. नळीच्या तोंडाशी छोटीशी निळी ज्योत उभी राहिली. ताई बघतच राहिली. काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा कुठे तिने ती टाकली.

"गाय नाही," मास्तरीण म्हणाली. "शेण नाही. बाबा तर नाहीच नाही. बंद डब्यात हवा नसली की तिथे बारीक जीव वाढतात, डोळ्यांना न दिसणारे. ते हे कुजकं खातात आणि गॅस सोडतात. गाईच्या पोटातही हेच चालतं, म्हणून शेणाचा गॅस निघतो. जे गाय खाते ते टाकीला खायला घातलं, तर टाकीच गाय होते. आणि तुम्ही सगळे रोज रांग लावून तिला चारा घालताय."

ताई हसली, पण लगेच तिचं हसू गेलं. "ते सगळं खरं असेल. पण मग माझ्यासमोरच का गं बसली ती? म्हातारीसमोर वर, माझ्यासमोर खाली. त्याचं सांग."

खरा प्रश्न तोच होता, आणि त्याचं उत्तर कॅनमध्ये नव्हतं. मास्तरीण त्यानंतर रोज संध्याकाळी त्या खोलीत जाऊन बसली. सगळे ज्योतीकडे बघायचे, ती बाबांकडे बघायची. बाबा उठले की ज्योत भसकन वर यायची, आणि लोक म्हणायचे, बघा, ज्योत उठून मान देते. बाबा टेकले की ती वीतभर व्हायची. ज्याला पापी ठरवायचं असेल त्याच्याकडे ते डावा गुडघा रेटून झुकायचे. पुण्यवानाशी बोलताना मात्र मागे रेलून बसायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं. चमत्काराचा पुरावा म्हणून लोक जे एकमेकांना सांगत सुटले होते, त्यातच सगळी मेख होती.

महिनाअखेरची सभा भरली. या खेपेला खोलीचं दार काढून ठेवलं होतं, तरी अर्धी माणसं बाहेरच होती. ताई ओट्यासमोर उभी राहिली. दोन्ही हात तिने पदराखाली झाकले होते.

"बोल, मुली," बाबा मऊ आवाजात म्हणाले. "ओझं उतरव."

"बोलेल ती," मास्तरीण पुढे येत म्हणाली. "पण एक विनंती आहे. ज्योत एवढी मोठी की तुम्ही उठलात तर तीही उठून मान देते. आज ती न्याय करणार. मग तिच्यासमोर तुम्ही बसून कसे? तुम्हीही उठून तिला मान द्या. आम्ही सगळे उभे राहतो."

आणि ती म्हणाली तशी सगळी खोली उठून उभी राहिली. कुणालाच यात काही वावगं दिसलं नाही. मुकादम तर म्हणाला, "बरोबर आहे, बाबा. उठा."

बाबांच्या कपाळावर घाम आला. "ध्यानाचं आसन सोडता येत नाही."

"रोज सोडता की जेवायला," खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

हशा पिकला आणि बाबांना उठावंच लागलं. ज्योत भसकन वर गेली. ताई तिच्यासमोर उभीच होती. ज्योत खाली येईना. ताई एक पाऊल पुढे सरकली. ज्योत तशीच. तिने दोन्ही हात ज्योतीपुढे धरले, तेच हात, आणि ज्योत हातभर उंच जळत राहिली.

"झाली परीक्षा," बाबा घाईघाईने म्हणाले. "निर्दोष आहे. ज्योतीने क्षमा केली." आणि ते पुन्हा बसायला वाकले. पण तोवर गादीवर मास्तरीण बसली होती.

"थांबा. क्षमा कोणी मागितलीच नव्हती. आता मुकादमांची परीक्षा घेऊ. या हो पुढे."

मुकादम गोंधळून पुढे आला. मास्तरणीने डोळे मिटले, बाबांसारखंच हसली आणि डावा गुडघा रेटला. ज्योत मण्याएवढी झाली. मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी काही बोलत नाही," मास्तरीण म्हणाली. "ज्योत बोलली. काय केलंत तुम्ही?"

"मी? मी काय केलं? आईशपथ, काही नाही केलं."

"ताईही हेच म्हणत होती. ऐकलंत का तुम्ही?"

ती उठली आणि तिने गादी उचलून बाजूला फेकली. खाली रबरी नळी होती. भिंतीतून जुना लोखंडी पाइप आलेला, त्याला ती जोडलेली, गादीखालून जाऊन ओट्यात शिरलेली. ज्या पाइपाच्या गॅसवर मुकादमाने एके काळी कॅन धुतले होते, तोच पाइप. मास्तरणीने नळीवर पाय ठेवला, ज्योत बसली. पाय काढला, ज्योत उठली. मग तिने ताईच्या खोलीतून आणलेला कॅन आणि ट्यूब सगळ्यांसमोर ठेवली, काडी लावली, आणि आत काय घातलं होतं ते एकेक करून सांगितलं.

"ही नळी ज्योतीच्या श्वासासाठी आहे," बाबा म्हणाले.

"असू दे. पण श्वास कोंडत कोण होतं?"

"भस्म होशील तू. पाखंडी आहेस."

"मग करा भस्म. मी इथेच उभी आहे, कुठे पळत नाही. उद्या सकाळीही शाळेतच सापडेन."

ती खरोखरच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि सगळी खोली वाट बघत राहिली. काही झालं नाही. बाबांनी इकडेतिकडे बघितलं, झोळी उचलली आणि गर्दीतून वाट काढली. कुणी त्यांना मारलं नाही. बऱ्याच जणांनी सवयीने वाटही करून दिली. एक बाई म्हणालीच, "नळी असेल, पण माझी कंबर बरी झाली होती, त्याचं काय?" मास्तरणीने तिला सांगितलं, की कंबर बरी झाली याचा मला आनंद आहे, पण त्यापायी दुसऱ्या बाईचं घर मोडू देणार नाही.

मुकादम मात्र गेला नाही. तो त्या नळीवर स्वतः पाय ठेवत होता, काढत होता, पुन्हा ठेवत होता. शेवटी म्हणाला, "शेण नाही म्हणजे गॅस नाही, एवढंच धरून बसलो मी. सालांच्या गाड्या मीच ओतल्या. आणि नातवाचं काय मग? तो का आजारी पडला?"

"मी डॉक्टर नाही," मास्तरीण म्हणाली. "ठाम सांगता येणार नाही, आणि माहीत नाही म्हणायची मला लाज वाटत नाही. पण टाकीचं पाणी नळाच्या खड्ड्यात मुरतंय, ते मी तुम्हांला दाखवलं होतं. ज्यांनी पाणी उकळून दिलं त्यांची पोरं उठून खेळायला लागली. नातवाला आज दवाखान्यात न्या आणि पाणी तपासून घ्या. ज्योतीला नका विचारू."

मुकादमाने मान हलवली. मग तो ताईसमोर आला. "उद्या खड्डा उपसून पाइप बदलतो," तो म्हणाला. "आणि हा गॅस... हा बंद करून टाकू का? बुजवून टाकू टाकी?"

तेव्हा ताई बोलली, आणि तिचा आवाज चांगला खणखणीत होता.

"बुजवायची कशाला? सालं आपली, देठ आपले, आग आपलीच आहे. पाइप बदलेपर्यंत पोरांचं पाणी मी याच्यावरच उकळणार. दगड काढा तो आणि नीट शेगडी बसवून द्या, चावी असलेली. पातेलं मी ठेवणार, माझ्या हातांनी. ज्यांना हे हात चालत नसतील, त्यांनी आपली पोरं खुशाल घरी सांभाळावीत."

दुसऱ्या दिवशी पाळणाघर उघडलं. काही बाया मुकाट्याने पोरं सोडून गेल्या. काहींनी मान खाली घालून सोडली. दोघीतिघी आल्याच नाहीत, आणि ताईने त्यांना बोलावणंही धाडलं नाही. तिने मोठं पातेलं चढवलं. शेजारी उभ्या असलेल्या भावजींना चावी दाखवून ती म्हणाली, "इकडे फिरवलं की मोठी, तिकडे फिरवलं की बारीक. यात माझं पाप कुठे आहे, ते दाखवा बरं." भावजींनी चावीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चुकलं माझं." मग हातात बादली घेऊन ते सालं आणायला गेले.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. कुजणं हे पाप नाही. ते निसर्गाचं काम आहे, आणि नीट करून घेतलं तर त्यावर चूल पेटते. ज्याला आपण कचरा म्हणून नाक मुरडतो त्याच्यात आग असते, हे कळायला बाबा लागत नाही, एक डबा आणि थोडा धीर पुरतो. अर्धवट माहिती घेऊन 'हे अशक्यच' म्हणू नका, आणि 'अशक्य आहे म्हणून चमत्कार' तर मुळीच म्हणू नका. विचारा, उचलून बघा, करून बघा. ज्योतीपुढे हात जोडायचे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कुणी गादीवर बसून एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर तिच्याकडे वळून बघू नका. आधी त्या माणसाला उभं करा.